वर्षश्राद्धाला गेणबांची हाळी

गेणबांची मेंढरांना हाकायची हाळी नातीनं, प्रतिभानं, मोबाइलवर टिपून ठेवली होती. त्या हाळीखाली लॅपटॉपवरचे ठोके घालून तिनं आजोबांच्या आठवणीत संगीत रचलं. वर्षश्राद्धाला इनामगावच्या घरी ते वाजलं, तेव्हा पंगतीतल्या पाहुण्यांना रडावं की नाचावं, ते ठरवता येईना. प्रतिभा फक्त आजीकडं, गिताबाईंकडं, बघत होती. आजीला ही थट्टा वाटली, तर सगळंच फुकट होतं.

हाळी घुमली आणि गिताबाईंनी झटकन पदर पुढं ओढला. गेणबा घरात शिरले की ओढायच्या, तसाच.

"आजी, बंद करू?"

"गप बस! ह्यांचं बोलणं मधी तोडतीस व्हय?"

प्रतिभानं आवाज आणखी वाढवला. पाहुण्यांनाही मत मिळालं. सगळे माना डोलावू लागले.