कोऱ्या आकाशातला चंद्र

रमजानचा एकोणतिसावा रोजा नुकताच सुटला होता आणि रय्याला एका जागी बसवत नव्हतं. ती शाळेत गणित शिकवायची आणि उरलेला जीव दुर्बिणीत घालायची. डोंगरमाथ्यावर दुर्बीण मांडून सूर्य बुडायच्या आत तिने चंद्राचे सहाशे फोटो घेतले होते. उद्या ईद की आणखी एक रोजा, हे गावची चंद्रसमिती थोड्याच वेळात ठरवणार होती, आणि यंदा पहिल्यांदाच तिचा फोटोही बघणार होती.

"दिसला," तिचे वडील खलफान म्हणाले. "त्या सुळक्याच्या वर. केसाएवढा."

"गेल्या वर्षीपण दिसला होता तुम्हाला, बाबा."

गेल्या वर्षी त्यांनी समितीपुढे शपथेवर साक्ष दिली होती, आणि चंद्र तर सूर्याच्या आधीच मावळला होता. तेव्हापासून बाजारातले टवाळ त्यांना विमानाचा दिवा दाखवून "खलफानकाका, हा कुठला महिना?" विचारायचे.

"तुझं यंत्र काय म्हणतंय ते सांग," ते म्हणाले.

एकेका फोटोत नुसता झगझगाट होता. त्यासाठीच तिने कोऱ्या आकाशाचेही फोटो काढले होते. लॅपटॉपवर त्या कोऱ्या फोटोंनी चंद्राच्या फोटोंना भागलं की भिंगावरची धूळ, कडांचा काळवंडलेपणा सगळं निघून जातं आणि खरं तेवढं उरतं. उरलं ते स्वच्छ, करडं, रिकामं आकाश.

"काही नाही. भास झाला तुम्हाला," ती नको तेवढ्या ठसक्यात म्हणाली.

खलफान काठी टेकत खाली गेले.

ती दुर्बीण आवरायला लागली, पण हात चालेना. म्हातारा भांडला कसा नाही? ती पुन्हा लॅपटॉपसमोर बसली. दुर्बीण कुठे रोखली होती त्याचे आकडे प्रत्येक फोटोवर असतात. चंद्राच्या फोटोंचे आकडे आणि कोऱ्या आकाशाचे आकडे तंतोतंत एकच निघाले. दुर्बीण चंद्रावरून बाजूला सरकवायचीच राहिली होती, कारण त्या वेळी ती बाबांशी गेल्या वर्षावरून हुज्जत घालत होती. चंद्र दोन्हीकडे होता आणि भागाकारात तिनेच तो पुसून टाकला होता. तिला स्वतःचीच चीड आली.

आकाशात अजून थोडा उजेड होता. रोजा सोडताना खजुरांखाली अंथरलेला पांढरा कपडा झटकून तिने दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बांधला आणि कोरे फोटो नव्याने घेतले. लॅपटॉपने दोन मिनिटं लावली. तेवढ्यात तिने चार वेळा घड्याळ पाहिलं. मग एक बारीक कोर उमटली.

लॅपटॉप छातीशी धरून ती डोंगर उतरली. दोनदा घसरली.

समितीच्या खोलीत समितीचे प्रमुख शेख मुहन्ना कागद आवरत होते. "उशीर केलास, रय्या. तुझ्या बाबांना विचारलं, तर म्हणाले, वाटलं खरं दिसला म्हणून, पण पोरीच्या यंत्रात नाही म्हणजे नसणारच. पन्नास वर्षं ओळखतो मी याला. माघार घेताना आज पहिल्यांदा पाहिला."

रय्याने लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. "चंद्र होता. माझ्या चुकीने पुसला गेला," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "बाबांना दिसला तो खराच होता."

शेखनी चष्मा लावून कोर पाहिली आणि साक्षीचा कागद पुन्हा पुढे ओढला. "बोल, खलफान. दिसला होता का?"

कोपऱ्यात बसलेले खलफान उठले नाहीत. त्यांनी मुलीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "सांगू का गं?"