एरी कुणी खोदली

मातीचा टिप्पर ओतायला एरीच्या काठाशी मागं सरकला, तसा जनकोजी चिखलातनं धावत सुटला. एरी म्हणजे गावचं तळं. तमिळ मुलखात गुम्मिडिपूंडीच्या पलीकडल्या त्या गावात तंजावराकडनं आलेली मराठी घरं होती, आणि सगळ्यांचं भात त्याच पाण्यावर. कारखान्याच्या आवारासाठी अर्धं तळं बुजवून झालं होतं. शेतात भाताचा तरवा पिवळा पडत चालला होता.

"पडीक सरकारी जागा आहे ही," काठावर उभा असलेला महसुलाचा साहेब तमिळमधून म्हणाला. "गावची म्हणता, तर खोदली कुणी? सोमवारी सुनावणीला सांगा."

"आमच्याच वाडवडलांनीं," जनकोजी म्हणाला.

"त्यांचं नाव?"

जनकोजीला आज्याच्या मागचं काहीच ठाऊक नव्हतं.

लेक तुळजाला घेऊन त्यानं शहरातलं अण्णा नगर गाठलं. नव्वदी ओलांडलेली जयवंती आत्या तिथं मुलाकडं अंथरुणाला खिळली होती. जुनं सांगणारं तेवढंच माणूस उरलं होतं.

"आत्या, एरी कुणीं खोदली?"

म्हातारीनं मान हलवली. "आपण नाहीं रे. आपण दुष्काळांत चालत आलों. लेकरं वाटेंतच गेलीं. एरी खालच्या आळीतल्या सुब्बाच्या माणसांची. त्यांनींच पाणी पाजलं, कडेची जमीन दिली."

"मग खालच्या आळीला आपण एरीच्या घाटावर कां येऊं देत नव्हतों?"

आत्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. "मोठे झालों ना."

परतताना बसमध्ये तुळजा हळूच म्हणाली, "अप्पा, हें तिथं बोललांत तर आपली जमीन कुणाची ठरेल?"

"पाणी गेलं तर जमीन घेऊन काय करूं?" तो म्हणाला.

सकाळी तो खालच्या आळीत गेला. सुब्बा दारात जाळं विणत होता. जनकोजीनं सगळं सांगितलं.

"माझा बाप हेच सांगायचा," सुब्बा तमिळमधून म्हणाला. "तुमच्या बापानं त्याला खोटा ठरवून चोपलं होतं."

जनकोजी तिथंच मातीत बसला. "सोमवारीं येशील?"

"आधी तू बोल. सगळ्यांसमोर. मग बघू."

सोमवारी सुनावणीत जनकोजी उभा राहिला. "गाव आम्हीं वसवलं नाहीं. आम्हीं मागून आलों. पाणी ह्या खालच्या आळीचं." मागं बाकडी सरकली. भावकीतला एकेक जण उठून बाहेर गेला. जनकोजीला वाटलं, आता खाली बसलो तर पुन्हा उठवणार नाही. म्हणून तो उभाच राहिला. दाराशी टेकलेला सुब्बा पुढं आला आणि त्याच्या शेजारी उभा राहून बोलू लागला.

साहेबानं दोघांचं लिहून घेतलं, आणि चौकशी होईस्तोवर भराव थांबला. बाहेर चुलतभाऊ शहाजी वाट अडवून उभा होता.

"एरी राखलीस, पण आम्हांस उपरं केलंस."

"होतोंच कीं," जनकोजी म्हणाला, आणि सुब्बाबरोबर बसकडं चालू लागला.