कचरूची पिशवी

सुपरवायझर मॅडम दुपारी येणार होत्या, म्हणून नंदाबाईंनी देवापुढं दिवा लावला आणि पाण्याचा घोटही न घेता अंगणवाडीचं कुलूप काढलं. केदारखेड्यापासून आत, चाळीस उंबऱ्यांची वस्ती. अंगणवाडीची खोली एकच. ठोकळ्यांचा डबा खालच्या फळीवर, मण्यांचा वरच्या, नाहीतर पोरं मणी नाकात घालतात. वजनकाटा कोपऱ्यात. भिंतीला अठरा खिळे आणि प्रत्येक खिळ्याला त्यांच्याच जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी. एका पिशवीत एका लेकराचे कागद.

गेल्या महिन्यापासून सतराच पिशव्या टांगलेल्या होत्या.

अठरावी आकांक्षाच्या पोराची. साडेचार वर्षांचं पोर दोन दिवसांच्या तापात गेलं. "बाई, हा कुठंय?" म्हणून मुलं पिशवीकडं बोट दाखवून रोज विचारायची, तेव्हा नंदाबाईंनी ती पिशवी काढून दारामागं ठेवली. आत एक कागद होता. दिवाळीच्या आधी हळदीच्या पाण्यात बुडवून उठवलेला त्याचा उजवा हात. आज आकांक्षा तो न्यायला येणार होती. "फोनमधी फोटू हायेत, पण फोटूवर हात ठेवता येत न्हाई, बाई," असं म्हणाली होती.

नंदाबाईंनी दारामागं पाहिलं. तिथं केरसुणी तेवढी उभी होती.

"उषाबाई, इथली पिशवी?"

मदतनीस उषाबाई जाफराबादकडून येऊन आठच दिवस झाले होते. त्या अंगणातून आत आल्या, हात पदराला पुसत.

"कचऱ्याची ना? जाळली की कालच. तुम्हीच म्हणल्या, मॅडम येऊन राह्यल्या, कचरा राहू देऊ नका."

"त्यावर नाव होतं."

"व्हतं ना. कचरा लिहिल्तं. चौथी शिकलेली हाय मी, तेवढं वाचता येतं."

नंदाबाई ठोकळ्यांच्या डब्यापाशी खाली बसल्याच. "कचरू लिहिलं होतं, उषाबाई. कचरू."

"मंग कल्याणची पिशवी कोणती? तुम्ही सांगितल्तं, कल्याणची सांभाळा. मी सगळ्या खिळ्यांला शोधली."

चूक नेमकी इथं झाली होती. आकांक्षाची आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली. हा जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून उकिरड्यावर ठेवला. आत्याबाईनं उचलला आणि आकांक्षानं पसाभर ज्वारी देऊन तिच्याकडून विकत घेतला. कचऱ्याला कोण नजर लावणार? हजेरीत कल्याण, पण तोंडानं सगळे कचरूच म्हणायचे. पिशवीवरही नंदाबाईंनी तेच लिहिलं होतं. तो गेल्यावर मात्र त्या कल्याण म्हणू लागल्या. आता नजर लागायला उरलं काय होतं?

उषाबाईंच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "देवा, माझे हात झडले का न्हाईत."

नंदाबाई उठल्या. वाटीत हळद कालवली. कोपऱ्यात लवकर आलेली आयुषी एकटीच बसली होती, कचरूच्याच वयाची. तिला जवळ बोलावून तिचा हात धरला.

"माझा छापा काढायचा, बाई?" पोरीनं बोटं पसरली.

हात तेवढाच होता. नंदाबाईंनी वाटीकडं पाहिलं, सकाळचा दिवा आठवला. मग पोरीचा कोरडा हात सोडून दिला. "उद्या काढू हं."

तेवढ्यात आकांक्षा दारात आली. छाप्यावर ठेवायचा म्हणून हात धुऊन आली होती. पदराला टिपत होती.

नंदाबाईंनी काही झाकलं नाही. सगळं सांगितलं, कल्याण म्हणणारी मीच, हेही.

आकांक्षा ओरडली नाही. "कुठं जाळलं?"

"मागं. उकिरड्यावर," उषाबाई कशाबशा बोलल्या.

ती मागं गेली. दोघी तिच्यामागं. राखेचा लहानसा ढीग होता, वर लुगड्याचा जळका काठ. आकांक्षा उकिडवी बसली.

"दुधाच्या दातांचं लेकरू, जाळत न्हाईत म्हणले. पुरला त्याला. मला राख मिळालीच न्हाई, बाई." तिनं चिमूटभर राख बोटांत घेतली. "अन् मिळाली तर इथं. इथूनच घेतल्ता मी त्याला."

उषाबाई तिच्याशेजारी बसल्या.

"त्या बारीला ज्वारी दिल्ती," ती म्हणाली. "आता काय देऊ?"

नंदाबाई आत गेल्या. नुकत्याच झाडलेल्या फरशीवर त्यांनी ठोकळ्यांचा डबा उपडा केला, पदरानं आतून पुसला आणि रिकामा डबा घेऊन मागं आल्या. तिघी मिळून हातांनी राख भरू लागल्या. रस्त्याकडून जीपचा आवाज आला. कुणी मान वर केली नाही.