वजन नसलेल्या पुस्तकाची हमाली

मित्रांनो, मी एक जुना ई-रीडर आहे. माझ्या पोटात हजार पुस्तकं मावतात. आजवर एकच आलं, तेही उशिरा.

अमेरिकेतल्या राजेश्रीने मला सेलूला वडिलांकडे पाठवलं. किशनराव कापूस बाजारातले निवृत्त मापाडी. काचबिंदूने त्यांची नजर झिजत चालली होती आणि माझी अक्षरं हवी तेवढी मोठी होतात. त्यांना एकच पुस्तक वाचायचं होतं. त्यांचा मित्र नागेश मुलाकडे अमेरिकेत गेला, सेलूच्या आठवणी लिहिल्या, माझ्यासारख्यांवर विकायला ठेवल्या आणि वारला. पंधरावं प्रकरण ‘किशन मापाडी’. दोघांचं वीस वर्षं बोलणं नव्हतं.

किंमत दिसली: नऊ डॉलर. वर अमेरिकेबाहेर पुस्तक धाडायची बिनतारी पोच, दोन डॉलर.

"पोच कशाची?" किशनराव कडाडले. "ज्याला वजनच न्हाई, त्याची हमाली? चाळीस वर्षं काटा धरलाय मी!"

"द्या की," पार्वतीबाई म्हणाल्या. "कापसाची गाडी हाय का, वाद घालायलाव ते?"

"पैशाचा न्हाई, उसुलाचा सवाल हाय."

राजेश्री फोनवर म्हणाली, "बाबा, मी घेते, वाचून दाखवते."

"नगं. त्यानं काय लिवलंय कुणाला ठाऊक. आधी मी बघतो."

मी अमेरिकेच्या ऑनलाइन दुकानाला जोडलेला; भारताचं दुकान निवडलं की पोच लागत नाही, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं. स्वतःच माझा देश बदलला. हमाली गेली. पुस्तकही गेलं. ‘हे पुस्तक आपल्या प्रदेशात उपलब्ध नाही.’ सेलूच्या माणसाने सेलूवर लिहिलेलं पुस्तक सेलू सोडून सगळीकडे मिळत होतं. देश पुन्हा बदलायला वर्षभर थांबा, असं दुकानाने कळवलं.

वर्षाने पुस्तक आलं, दोन डॉलर हमालीसकट. तोवर किशनरावांची नजर गेली होती. मोबाईलवाल्याने पंधरावं प्रकरण काढून दिलं. "वाचू का काका?" म्हणाला, तर त्यांनी मला त्याच्या हातून ओढून घेतलं.

घरी त्यांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"काळं काळं दिसतंय," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांना अक्षरओळख नाही. "राजेश्रीला लावू का फोन?"

"नगं."

त्यांनी मला तळहातावर तोललं. बराच वेळ तोललं.

"पहिल्याइतकंच भरतंय," ते म्हणाले.

मित्रांनो, शेवटी आम्ही वस्तूंनी ‘आमची काळजी घ्या’ म्हणायचं असतं. माझी उत्तम घेतली जाते. पार्वतीबाई रोज पदराने माझी काच पुसतात, पंधराव्या प्रकरणावरून.