प्रत्येकाला बारा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची चीड असते: दार धरून गप्पा मारणारे लोक आणि असमतोल. आमच्या लिफ्टवाल्याने पहिल्यापुढे केव्हाच हात टेकले होते, म्हणून सगळा राग तो दुसऱ्यावर काढायचा.

त्याने एक खेळ तयार केला होता. टेबलाभोवती बसायचं, मारधाडीच्या सिनेमात असतं तसं एकेक पात्र घ्यायचं, ते काय करतं हे तोंडाने सांगायचं, आणि जमलं की नाही ते फासा ठरवणार. खलनायकांच्या वतीने बोलायला लिफ्टवाला स्वतः. नियम एका पानात मावत. मारामारी, वेग, डोकं, छाप या चार रकान्यांत प्रत्येकाने बारा गुण वाटायचे. फाशाचा आकडा आणि गुण मिळून आठ झाले की काम फत्ते. बारा म्हणजे बारा. कुणाला साडेबारा नाहीत, मग तो नात्यातला का असेना.

खेळायला दर रविवारी दुपारी दोन ते पाच तिघं येत. त्याची थोरली बहीण, म्हणजे ताई, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर लोकांच्या शिरा शोधणारी. तिचा नवरा, भावोजी, चष्म्याच्या दुकानात ‘आता दिसतंय का?’ असं इतकं मवाळ विचारत की गिऱ्हाइकाला नाही म्हणायचा संकोच वाटावा. आणि मित्र टाके, हा लेडीज टेलर. फासे हातात आले की भावोजी निवृत्त कमांडो होत, टाके बॉम्ब निकामी करी, आणि ताई गाडी चालवी.

अकराव्या रविवारनंतर ताईचा फोन आला. “पुढच्या वेळी येते, मग नको. माझ्यावाचून तिथे काही अडत नाही रे.”

आई गेल्यापासून ही दोघं भावंडं एका टेबलाशी बसत ती एवढेच तीन तास. ते गेले की ताईच गेली, हे लिफ्टवाल्याला स्वच्छ कळत होतं. पण तो रडत बसणाऱ्यातला नव्हता, नियम लिहिणाऱ्यातला होता. आजवर त्याने तेच केलं होतं. कमांडो भारी पडतोय असं दिसलं की त्याला थकव्याचा नियम. टाके कुरकुरला की त्याला पकडीचा जादा गुण, आणि त्यावर उतारा म्हणून ताईच्या गाडीसाठी टायरांचा तक्ता. एका पानाची एक्केचाळीस झाली होती. ताईच्या ड्रायव्हरचे गुण त्याने पुन्हा मोजले. बाराच भरले. खेळात खोट नव्हती, आणि ताई निघाली होती.

सोमवारी एका सात मजली इमारतीतून लिफ्ट हळू चालते अशी तक्रार आली. अशा वेळी लिफ्टला हात लावायचा नसतो; घड्याळ घेऊन कोणत्या मजल्यावर माणूस किती ताटकळतो ते आधी लिहायचं. त्याने लिहिलं. लिफ्ट ठणठणीत होती. ती खालच्या तीन मजल्यांच्या तैनातीत होती आणि सातव्यावरची बाई नुसती उभी. कागद हातात धरून तोही बराच वेळ तिथे उभा राहिला.

रविवारी त्याने टेबलाखाली घड्याळ लावलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना त्याने आकडे पाहिले: गेल्या तासाभरात भावोजी एकतीस मिनिटं बोलले होते, टाके अठरा, ताई तीन. त्यातलं एक मिनिट ‘चहा ठेवू का?’ यात गेलं होतं.

“नवा नियम,” लिफ्टवाला म्हणाला. “आतापर्यंत ज्याला सगळ्यात कमी वेळ मिळाला, पुढची पाळी त्याची. ती संपेपर्यंत बाकीच्यांचं तोंड बंद.”

“आणि ही एक्केचाळीस पानं?” टाकेने विचारलं.

“रद्दीत.”

भावोजींना याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्यांच्या कमांडोने उडत्या हेलिकॉप्टरवर झेप घेतली होती, फाशावर एक पडला होता, आणि तो एका हाताने खाली लोंबकळत होता. “मी आता दुसऱ्या हाताने…”

“ताईची पाळी,” लिफ्टवाला म्हणाला.

ताईने आधी मागे वळून पाहिलं, आणखी कुणी ताई आली आहे की काय. मग ती सावकाश म्हणाली, “मी गाडी बरोब्बर खाली आणते. आणि छत उघडते.” फाशावर चार पडले, वेगाचे सहा. जमलं.

“अगं, झेल मला!” भावोजी ओरडले. पाळी नव्हती, पण जिवाचा प्रश्न म्हणून लिफ्टवाल्याने सोडून दिलं.

“कोण अगं?” ताई म्हणाली. “वर पंखा फिरतोय, खाली इंजिन. नावाने हाक मारलीत तरच ऐकू येईल.”

“कुणाच्या नावाने?”

“ड्रायव्हरच्या. अकरा रविवार तुम्हाला घरी सोडतेय ती.”

भावोजींनी टाकेकडे पाहिलं. टाके टेबलावरची रेघ निरखू लागला. मग दोघांनी लिफ्टवाल्याकडे पाहिलं. त्या ड्रायव्हरचा वेग सहा, डोकं चार, मारामारी एक, छाप एक, हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. नाव त्याला माहीत नव्हतं. त्याने हळूच तिच्या कागदाकडे मान वळवली, तर त्यावर ताईचा तळवा होता.

“पाळी माझी संपलेली नाही,” ती म्हणाली, “पण पाच वाजले.” तिने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली.

“अगं, मग मी?”

“घट्ट धरून ठेवा. रविवारी बघते.”

बुधवारी दुपारी भावोजींचा फोन आला, दुकानातून, कुजबुजत. “घरी विचारलं तर म्हणते, आठवा. तुला तरी आठवतंय का रे? तुझाच खेळ आहे.”

“नाही हो भावोजी.”

“हात भरून आलाय रे माझा,” भावोजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

लिफ्टवाल्याला स्वतःची मनस्वी लाज वाटली. तो हत्यारांच्या पेटीवर बसला आणि त्याने ताईला फोन लावला. “ताई, मला माहीत नाही गं तिचं नाव. मी कधी विचारलंच नाही. आता सांगशील?”

पलीकडे लॅबचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

“वेळ आहे तुला?” ताईने विचारलं.

“आहे.”

“मग नाव शेवटी सांगते. आधी ऐक. ती पूर्वी अँब्युलन्स चालवायची…”