छपरात काच असलेली पांढरी गाडी

काच फोडली ती कुंदानंच, आणि तीही चांगलं करायला जाऊन.

अखाजीला चार दिवस राहिले होते. दीपनगरच्या कॉलनीत दुपारी दीडच्या उन्हात चिटपाखरू नव्हतं. पाच महिन्यांच्या लेकीला, मयूला, डोस द्यायला दवाखान्यात न्यायचं होतं आणि दारासमोरची पांढरी मारुती तव्यासारखी तापली होती. कुंदाच्या माहेरी उन्हाळ्यात घराच्या मातीच्या धाब्यावर दोन घागरी पाणी ओतलं की खालची खोली निवायची. गाडीचं छप्पर म्हणजे शेवटी छप्परच. तिनं माठातलं गार पाणी बादलीत घेतलं आणि दिलं वरून ओतून.

ठप्प असा आवाज झाला. छपरातली हातभर लांबीची काच एकदम पांढरीफट्ट पडली आणि बघता बघता खडेमिठासारखी मागच्या सीटवर सांडली.

गाडी जुनी, जळगावच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. त्यांनी हौसेनं मुंबईला नेऊन छपराला भोक पाडून काच बसवून आणली होती. कुंदाचा नवरा गिरधर तिला ऐटीत सनरूफ म्हणायचा. सासूबाई, ताईबाई, म्हणायच्या, "डोक्यावर खिडकी कोन्या कामाची? पाऊस गळाले?" कुंदाला मात्र ती काच फार आवडे. संध्याकाळी कुणी नसताना ती मयूला घेऊन मागच्या सीटवर आडवी व्हायची. वर चौकोनी आभाळ असायचं. दहा मिनिटं कुणी हाक मारायचं नाही, आणि दहा मिनिटंही तिला पुष्कळ वाटायची.

गिरधर ड्यूटीवरून आला तेव्हा ती ओट्यावर बसून होती. त्यानं गाडीकडे पाहिलं, रिकाम्या बादलीकडे पाहिलं.

"पाणी?"

"हो."

"कुठलं?"

"माठातलं."

"वाळा घातलेलं की साधं?"

तिला हसू आलं आणि मागोमाग डोळे भरून आले. गिरधर रागावला असता तर बरं झालं असतं. काचेचं तिला फार वाटत नव्हतं. काचेवाचून गाडी निघायची नाही आणि गाडीवाचून माहेर नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कारण ताईबाईंची अट होती. "अखाजीले जाय, मी कशाले नाही म्हनू? पन पोरीले भर उन्हात एष्टीनं नेऊ नको. गाडीनं जाय." यात सासुरवास नव्हता. ताईबाईंची थोरली लेक सहा महिन्यांची असताना अशाच वैशाखात, यावलहून येताना, एसटीत उन्हानं गेली होती. त्या हे एकदाच बोलल्या होत्या, आणि पुन्हा बोलायची गरज पडली नव्हती.

अखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण खान्देशात ती आधी सासुरवाशिणींची. गावोगावच्या लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. पारोळ्याच्या अलीकडे, फाट्यापासून दोन मैल आत कुंदाचं गाव. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतरच्या अखाजीला तिला न्यायला कुणी आलं नाही. गेल्या पावसाळ्यात वडील, तोतारामआबा, माळ्यावरून पडले आणि त्यांचा पाय मोडला, म्हणून मयूच्या बारशालाही आले नाहीत. बाळंतपण इथंच, भुसावळला झालं. आबांनी नात अजून पाहिली नव्हती.

आणि आबा बोलणारे नव्हते. आई होती तेव्हा त्या घरात बोलणं सगळं आईचं. आबांचं कार्ड यायचं, चार ओळींचं. या वेळीही आलं होतं. 'सर्व खुशाल. पाय बरा आहे. अखाजीस येणे जमल्यास यावे.'

जमल्यास यावे. कुंदानं ते कार्ड किती वेळा वाचलं असेल. डाळ शिजताना, मयूला पाजताना, कपडे वाळत घालून झाल्यावर ओल्या हातानं. आई असती तर लिहिलं असतं, कधी येतीस, किती दिवस राहतीस, येताना काही आणू नको. जमल्यास यावे, असं तर पाहुण्याला लिहितात. आबांना आपण यायला हवे आहोत की नुसतं रीत म्हणून लिहिलं, हे त्या दोन शब्दांवरून काही केल्या कळेना. तिनं उत्तर धाडलं होतं, 'अखाजीला सकाळी येतो. पांढरी गाडी आहे. छपरात काच आहे.' शेवटचं वाक्य कशाला लिहिलं कोण जाणे. जरा मिरवावंसं वाटलं असेल.

दुसऱ्या दिवशी गिरधर माप घेऊन जळगावला गेला. पार्टच्या दुकानांत त्याला सगळे हसले. असली काच मुंबईहून मागवावी लागेल, पंधरा दिवस तरी धरा. शेवटी भंगारवाल्याकडून दुसऱ्या कुठल्या गाडीची मोठी, जाड काच त्यानं पैदा केली. मापापेक्षा दोन बोटं जास्त होती. "कापून घेऊ," तो म्हणाला. "अन्वरभाई नावाचे एक काचवाले आहेत. अखाजीला बाजार बंद असला तरी दुकान उघडतो म्हणालेत. सकाळी निघू, दहाला काच बसेल, बाराला तुझ्या आबांकडे पुरणपोळी."

अखाजीच्या दिवशी ते आठच्या सुमारास निघाले. छपराच्या भोकावर चादर ताणून बांधली होती. नशिराबादच्या पुढं ती फाटली आणि फडफडत मागच्या मागं उडून गेली. ऊन तोवर चढलं होतं. कुंदानं मयूवर पदर धरला, तरी जळगाव येईपर्यंत पोरीचे गाल लालबुंद झाले.

अन्वरभाईंचं दुकान बाजारामागच्या बोळात होतं. देवांच्या तसबिरी, आरसे, लग्नाचे फोटो, सगळ्यांना तिथंच काच लागे. वर घर. अन्वरभाईंच्या बायकोनं, खातूननं, मयूला पाहताच खाली येऊन उचललं आणि तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं.

अन्वरभाईंनी गिरधरची काच उन्हाकडे धरून पाहिली आणि परत केली.

"साहेब, ही कापायच्या हिऱ्याला मानणार नाही. ही भट्टीतून आलेली आहे. कापायची ती भट्टीत जायच्या आधी."

"कडेनं दोनच बोटं काढायचीत हो."

"दोन बोटं काय, केस काढला तरी फुटेल."

"अन्वरभाई, मी पॉवर स्टेशनात आहे. आम्ही टर्बाइन खोलतो."

"खोलत असाल. टर्बाइन परत जोडता येतं ना?"

खातून तोंडाला पदर लावून हसली. गिरधरचे कान लाल झाले. त्याला आता माघार घेता येईना. "तुम्ही हिरा फिरवा. फुटली तर माझी."

अन्वरभाईंनी बायकांना जिन्यावर पाठवलं, डोळ्यांवर चष्मा चढवला, पट्टी लावून हिऱ्याची रेघ ओढली आणि खालून हळूच टिचकी दिली. त्याच क्षणी सगळी काच टेबलावरून खड्यांच्या राशीत जमिनीवर उतरली. कुंदानं चार दिवसांपूर्वी ऐकला होता तोच आवाज.

"झालं समाधान?" अन्वरभाई म्हणाले. त्यात कुचकेपणा नव्हता. त्यांनी झाडू घेतला.

गिरधर कुंदाकडे न बघता म्हणाला, "माठातलं पाणी नव्हतं तरी फुटली बघ."

दहा वाजून गेले होते. तिकडे गावात बायकांनी झोक्यांना दोर टाकले असतील, घागर पुजली असेल. कुंदा मनातल्या मनात आपल्या गल्लीतून चालत होती, एकेका दारावरून. आपल्या दाराशी आली की पुढं काही दिसेना. आई नसलेल्या घरात आबा सणाला काय करतात, हे तिनं पाहिलंच नव्हतं.

अन्वरभाईंनी मागच्या अंगणातून एक काच ओढून आणली. एका ट्रकची समोरची काच, सपाट, एका कोपऱ्यात तडकलेली. "ही कापता येते. ही दोन पदरी असते, मधे पातळ प्लास्टिक. फुटली तरी सांडत नाही. बाळाच्या डोक्यावर अशीच पाहिजे."

मग ते सावकाश कामाला लागले. वरच्या पदरावर एक रेघ, काच पालथी करून बरोबर तिच्याखाली दुसरी रेघ. दोन्ही पदर टिचकीनं सुटले, पण मधलं प्लास्टिक सोडेना. तेव्हा त्यांनी चिरेत स्पिरिटची धार सोडली आणि काडी लावली. निळी ज्योत रेघेवरून सरसर पळाली. प्लास्टिक मऊ झालं तसं त्यांनी पातळ पातं घालून ते कापत नेलं. अशा चार बाजू. नंतर कडा घासणं, रबर बसवणं, जुन्या चौकटीतले उरलेले खडे चिमट्यानं वेचणं. अन्वरभाई मान वर करत नव्हते. घाई करा म्हणायची कुणाची छाती नव्हती. घाई केल्याचे खडे अजून कोपऱ्यात पडले होते.

काच बसली तेव्हा दीड वाजला होता. चौकटीभोवती त्यांनी काळी पेस्ट भरली, वर चार विटा ठेवल्या आणि हात पुसत म्हणाले, "आता उद्या सकाळपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. दारसुद्धा आपटू नका."

"उद्या?" कुंदा म्हणाली.

"पेस्ट ओली आहे, बेटा. रस्त्यानं हादरली की काच सरकेल."

गिरधरनं कपाळावरचा घाम पुसला. उद्या संध्याकाळपासून त्याची ड्यूटी होती. "म्हणजे उद्या सकाळी गाडी घ्यायची आणि सरळ घरी जायचं," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात जाऊ आबांकडे. मी स्वतः नेतो. कुंदा, ऐकतीस ना?"

ती ऐकत होती. पुढच्या महिन्यात पेरणीची घाई, मग पाऊस, मग मयूचे दात, मग आणखी काही. कारणं कधी संपत नाहीत. तिकडं कार्डावर लिहिलंच होतं, जमल्यास.

"मी एसटीनं जाते," ती म्हणाली.

"या उन्हात? आणि आईनं काय सांगितलंय?"

"माहीत आहे. म्हणून जपून नेईन." तिनं मयूला खांद्यावर घेतलं. "परत आल्यावर ताईबाईंना मीच सांगेन. तुम्ही सांगू नका."

मधे पडली ती खातून. "जाऊ दे की भाई. बाप देखता असेल वाट." तिनं एक जुनी सुती साडी पाण्यात बुडवून पिळून दिली, बाटलीत पाणी भरलं आणि उन्हाला उतारा म्हणून एक कांदा कुंदाच्या पिशवीत टाकला. "खिडकीला हा कपडा बांध. सुकला की परत भिजव. आणि पाजत राहा, थांबू नको."

गिरधर स्टँडपर्यंत आला. धुळ्याची गाडी लागली होती. आत चढून त्यानं सावलीची बाजू धरून दिली, ओलं लुगडं स्वतः खिडकीला बांधलं, गाठ दोनदा तपासली. उतरताना म्हणाला, "आबांना म्हणावं, काच पाण्यानं फुटली. टर्बाइनचं सांगू नको."

रस्ता तिला आठवतो तो मयूच्या श्वासांवरून. दर थोड्या वेळानं ती पोरीच्या मानेला हात लावून पाही, बोटं बाटलीत बुडवून तिच्या ओठांवर टेकवी. उन्हाळी वारा खिडकीशी येऊन ओल्या लुगड्यातून गार होऊन आत शिरत होता. ताईबाईंची ती न पाहिलेली लेक सगळा वेळ तिच्याशेजारी बसून होती. एरंडोलला तिनं लुगडं पुन्हा भिजवलं. मयू घामेजून झोपली होती, पण अंग गार होतं. तेव्हा कुठं कुंदा स्वतः दोन घोट पाणी प्यायली.

"फाटा, फाटा!" कंडक्टर ओरडला. गाडी फाट्यापुढं पन्नास पावलं जाऊन थांबली. कुंदा उतरली, धुरळा खाली बसेपर्यंत मयूला पदरात घेऊन उभी राहिली. मग वळली.

फाट्याच्या लहान पुलाच्या कठड्यावर आबा बसले होते. एसटीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नव्हतं. कुंदाकडे पाठ, तोंड जळगावकडे. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, बाजूला काठी. शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाण्याचा तांब्या.

सायकलवरून गावचा कुणी म्हातारा चालला होता. त्यानं एक पाय टेकवला. "तोतारामभाऊ, सकायपाईन बठेल शे तू! घर चाल, उन लागी जाई."

"यी जाई आते," आबा म्हणाले. "पांढरी गाडी शे. वर काच शे."

"सकायपाईन तू हाईच सांगी राह्यना!" म्हातारा हसत पायडल मारत निघून गेला.

लांबून एक पांढरी गाडी आली. आबांनी काठी उचलली, एक हात कठड्यावर झुकलेल्या कडुनिंबाच्या फांदीला घातला आणि आधी धड पाय, मग मोडका पाय ओढून घेत कठड्यावर उभे राहिले. खालून छप्पर दिसत नाही ना. टाचा उंचावून, मान ताणून त्यांनी जाणाऱ्या गाडीचं छप्पर पाहिलं. साधा पत्रा होता. गाडी गेली. ते तसेच, तेवढ्याच सावकाशीनं, खाली उतरले, गुडघ्याला हात लावून क्षणभर थांबले आणि परत बसले.

सकाळपासून.

कुंदाच्या पायाला जमीन भाजत होती, तरी ती हलली नाही. आपली वाट कशी पाहतात, हे कुणालाच दिसत नाही. वाट पाहणारं माणूस आपण आल्यावर वाट पाहायचं थांबतं. तिला ते पाठमोरं दिसत होतं. टोपीखालून घाम मानेवर उतरला होता, कॉलर भिजली होती. हाक मारली की हे संपणार होतं.

मयू जागी झाली. कुंदानं तिचं तोंड पुढं केलं.

लांबवर आणखी काहीतरी पांढरं चमकलं. आबांनी काठीकडे हात नेला. दुखऱ्या पायानं पुन्हा चढणार म्हणून कुंदा पुढं धावलीच.

"आबा, चढू नका! इकडे बघा, आठे शे मी!"