करपलेल्या पावाचा आळ

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. पिळला की टिकटिकतो, वेळ भरली की वाजतो. आधीच कबूल करतो, तासाला पाच मिनिटे मी मागे पडतो. स्वभावाने भित्रा. ज्याचा जन्म वेळ संपण्याची वाट पाहण्यात गेला, तो दुसरे काय होणार? मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण माझ्यावरूनच पडली असावी.

एका छोट्या शेतावरच्या स्वयंपाकघराची खिडकी हे माझे घर. शेत काकांचे, ओव्हन काकूंचा. काकूंच्या आईने मला लेकीच्या लग्नात दिले. मटार सरले की टोमॅटो, मग गाजरे, शेवटी लाल भोपळे. काका टोपली ओट्यावर ठेवत आणि काकू त्यातून कधी टोमॅटोचा पाव, कधी गाजराचा केक भाजत. मला त्या पिळत खऱ्या, पण माझ्यावर विसंबत नसत. भाजी पाणीदार असली की पावाला वेळ जास्त लागतो, कोरडी असली की कमी. ते मला कुठून कळणार? काकू नाकाने ठरवत. मी वाजेपर्यंत पाव जाळीवर निवत पडलेला असे. तरी पाहुणे माझेही कौतुक करत आणि मी उगाच फुगत असे.

मग काकूंना मोठा ताप आला. जाताना तो त्यांची वास घेण्याची शक्ती घेऊन गेला. हे त्यांनी कुणालाच सांगितले नाही. आता त्या माझी घंटा होईपर्यंत थांबू लागल्या, आणि माझे धाबे दणाणले. पहिला पाव करपला. दुसऱ्याचीही तीच गत.

"हा मेला टायमर हळू चालतो," काकू माझ्याकडे न बघताच म्हणाल्या.

आळ अर्धा खरा होता. काका मला भंगारात टाकायला निघाले. पण काकूंनी घाईने अडवले. आईची आठवण आहे, म्हणाल्या. खरे कारण मला ठाऊक होते. मी गेलो, तर पुढचा पाव कुणाच्या माथी मारायचा? त्या दिवसापासून मला माझ्यापेक्षा काकूंची काळजी वाटू लागली.

काकांनी नवा टायमर आणला, सेकंदालाही न चुकणारा. भोपळे उतरवायला हात लावणारे शेजारी रविवारी जेवायला येणार होते आणि सगळ्यांना काकूंच्याच हातचा भोपळ्याचा पाव हवा होता. शनिवारी काकूंनी रंगीत तालीम म्हणून एक भाजला. नवा अगदी वेळेवर वाजला. पण यंदाचे भोपळे पाणी पिऊन बसलेले. काकांनी काप काढला, तर आत कच्चे, चिकट पीठ. आता आळ घ्यायला मी नव्हतो. माझा जीव टांगणीला लागला.

काकांनी सुरी खाली ठेवली. "टायमरचं काही चुकत नाहीये. काल दूध करपलं, तेव्हाही तू शेजारीच उभी होतीस. तुला वास येत नाही ना? कधीपासून?"

"ताप गेल्यापासून."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगू? नाकच गेलं, तर माझ्यापाशी राहिलं काय?"

रविवारी सकाळी काका शेतात गेले नाहीत. हात धुऊन, स्टूल ओढून ओव्हनसमोर बसले. सगळा जन्म मातीत गेलेले नाक ते, त्याला पावातले काय कळणार? काकू सारख्या विचारत, आता कसला वास? ओल्या पोत्याचा, काका सांगत. मग उकडलेल्या भोपळ्याचा. अजून नाही, काकू म्हणत. नवा वाजला, सवयीने पिळलेला मीही वाजलो, पण जागचे कुणी हलले नाही.

शेवटी काका म्हणाले, "आता तुझ्या हातांसारखा येतोय."

काकूंनी ताबडतोब पाव बाहेर काढला.

मित्रांनो, मला जपून पिळा, अधूनमधून तेल द्या, असे सांगणार होतो. ते राहू द्या. ज्याचा हात कधी चुकत नाही, त्याच्याकडून घरात काही करपले, तर टायमर बदलण्याआधी त्याला विचारा, बरे आहे ना? आम्हाला निदान वाजता तरी येते.